हॅलोवीनच्या जेवणासाठी आयरिश ब्रेड आणि गोड: खोक्यासोबतची माहिती

तुम्ही मागवलेल्या खोक्यात चार पुड्या आणि एक अंगठी आहे. सोडा ब्रेडचं पीठ ४५० ग्रॅम (अर्धं होलमील, म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं पीठ, अर्धं क्रीम फ्लोअर), सोडा, ब्रॅक नावाच्या गोड पावासाठी सुकी फळं आणि कॅरागीन (समुद्री शेवाळ). क्रीम फ्लोअर म्हणजे इथला, आयर्लंडचा, साधा मैदा. त्यात क्रीम नसतं, हे विचारणारे दर वर्षी भेटतात. ताक, दूध, साखर, अंडं, मीठ आणि ब्रॅकसाठी सेल्फ-रेझिंग फ्लोअर (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा) तुमच्याकडचं.

दिवाळी आणि हॅलोवीन इथे मागेपुढेच येतात, त्यामुळे फराळाच्या घाईत हे सगळं एका दिवशी करायला जाऊ नका. ब्रॅक दोन दिवस आधी, कॅरागीन त्या दिवशी सकाळी आणि ब्रेड पाहुणे यायच्या तासभर आधी.

सोडा ब्रेड: मळू नका

आपला हात पोळ्यांच्या कणकेवर तयार झालेला. ओलं पीठ दिसलं की तो तिंबायलाच लागतो, आणि सोडा ब्रेड बिघडतो तो नेमका तिथे. आयर्लंडच्या ओल्या हवेत मऊ जातीचा गहू येतो. त्यात ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) कमी, म्हणून यीस्टच्या पावाला तो फारसा साथ देत नाही. १८३०च्या सुमारास खाण्याचा सोडा इथे मिळू लागला, ताक घरोघरी होतंच, आणि या गव्हाला त्याचा ब्रेड सापडला. ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं की वायू सुटतो आणि पीठ फुगतं. मळत बसलात तर तो वायू निघून जातो आणि ब्रेड चिवट होतो.

म्हणून ओव्हन आधी २३० अंशांवर तापवून ठेवा (पंख्याचा असेल तर सगळीकडे २० अंश कमी). पिठात एक सपाट चहाचा चमचा सोडा गाठी मोडून चाळा, एक चमचा मीठ घाला. सोडा जास्त झाला तर ब्रेडला साबणासारखी चव येते. आमचा पहिला ब्रेड तसाच झाला होता. मध्ये खळगा करून ३५० मिली ताक एकदम ओता. बोटं फाकवून हात गोल गोल फिरवा, गोळा जमला की थांबा. लागलं तर ताकाचा आणखी एखादा शिपका. खडबडीत दिसतो? तसाच हवा.

गोळा चार सेंटीमीटर जाड थापा आणि सुरीने खोल फुली मारा. परी बाहेर पडावी म्हणून, असं इथली जुनी माणसं सांगतात. मधल्या जाड भागापर्यंत आच पोचावी, हे आमचं कारण. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर आणखी २५ ते ३०. उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज आला की झाला. पोळ्यांसारखाच कापडात गुंडाळून ठेवा, कवच मऊ राहतं.

ओव्हन नव्हते तेव्हा हा ब्रेड बास्टिबल नावाच्या तीन पायांच्या लोखंडी भांड्यात, झाकणावर पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळणाच्या मातीचे) निखारे ठेवून भाजत. कोकणात धोंडस खाली-वर निखारे ठेवून करतात, तीच युक्ती. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, हेच पीठ पातळ थापून, चार भाग करून तव्यावर भाजतात. त्या एकेका भागाला फार्ल म्हणतात. ओव्हनमध्ये दुसरं काही असेल तर हा मार्ग घ्या: मंद आच, एकेका बाजूला आठ-दहा मिनिटं.

दोन नेहमीचे प्रश्न. चपातीचा आटा चालेल का? नको, तो फार बारीक दळलेला असतो, पाणी जास्त पितो आणि ब्रेड जड होतो. घरचं ताक? आपलं ताक पातळ असतं, त्यापेक्षा तीन भाग दही आणि एक भाग दूध घुसळून घ्या. फोडणीचं ताक चालत नाही, हे छापावं लागेल असं वाटलं नव्हतं.

बार्मब्रॅक

आयरिशमध्ये ‘बारीन ब्रॅक’, म्हणजे ठिपक्यांचा पाव. बेकरीतला यीस्टचा असतो, आपला सोपा, चहातला. पुडीतली ३५० ग्रॅम फळं ३०० मिली कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी त्यात १२५ ग्रॅम ब्राऊन शुगर, एक अंडं आणि २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग फ्लोअर घालून लांबट टिनमध्ये १७० अंशांवर तासभर, लागल्यास थोडं जास्त. अंडं नको असेल तर पाव वाटी दही. काप थोडे भुरभुरीत होतात, चव तीच.

अंगठी ज्याच्या कापात निघेल त्याचं वर्षभरात लग्न, असा समज. पूर्वी नाणंही घालत (पैसा), चिंधीही (गरिबी) आणि वाटाणाही (यंदा लग्न नाही). आम्ही फक्त अंगठी देतो. लग्नाळू भाचा जेवायला असेल तर तेवढी पुरते. ती बेकिंग पेपरात गुंडाळून घाला आणि लहान मुलांचे काप आधी तपासा.

कॅरागीन

हे समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारं शेवाळ. आपल्या चायना ग्राससारखंच काम करतं. जिलेटिन नाही, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना बिनधास्त वाढा. ८ ग्रॅमची पुडी दहा मिनिटं पाण्यात भिजवून, ९०० मिली दुधात अगदी मंद आचेवर वीस मिनिटं उकळा. गाळताना चमच्याने दाबून चिकट गर चाळणीतून खाली उतरवा, सेट होतं ते त्या गरानेच. दोन चमचे साखर आणि व्हॅनिला घालून फ्रिजमध्ये तीन तास. वेलचीची चव चांगली लागते, पण पहिल्या वेळी तरी व्हॅनिलाच घाला, म्हणजे मागची समुद्राची हलकी चव कळेल. सोबत ब्रॅम्ली सफरचंद साखरेत शिजवा. आंबट असतं आणि लगेच विरघळतं, फोडी शोधू नका.

ब्रेड उरला तर फ्रिजमध्ये ठेवू नका. दुसऱ्या दिवशी तव्यावर शेकून वर खारं लोणी, हात आखडता न घेता.