दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात जानेवारी उजाडला की एचआरचा मेल येतो, रोज १०,००० पावलं चाला, जिंकेल त्या टीमला व्हाउचर. गेल्या वर्षी एक पठ्ठ्या मीटिंगमध्ये टेबलाखाली नुसता हात हलवत बसायचा, घड्याळाला वाटायचं साहेब चालतायत.

तर हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाहीये. १९६५ मध्ये जपानात कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल आकडा, ऐकायला भारी, चिकटला तो चिकटलाच. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमने सरासरी ७२ वयाच्या जवळपास १७,००० बायकांचा अभ्यास छापला, त्यात रोज २,७०० पावलांवाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर फरक वाढायचा थांबला. आता त्या आज्ज्या होत्या, तिशीतल्या पोरांना तोच आकडा जसाच्या तसा लावू नका, पण 'दहा हजार नाहीत म्हणजे फुकट' हे तर गेलंच ना.

आमच्या अकाउंट्समधल्या काकांचे गुडघे दुखतात, त्यांनी तिसऱ्या दिवशीच ॲप उडवलं. तीन हजारवाल्याला चार-साडेचार सांगा की, तो करेल. आणि वाकडच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरी पोचणारा चालणार कधी? त्यापेक्षा जेवणानंतरच्या अर्ध्या तासात मीटिंग लावू नका, व्हाउचर नाही दिलं तरी चालेल.