डोळ्यांच्या हालचालींचा क्रम मेंदू कसा शिकतो : एक पार्श्वभूमी

दसऱ्याच्या सुमारास जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कापसाची वेचणी सुरू होते. पहिल्यांदाच वेचणीला आलेली मुलगी आणि अनेक हंगाम केलेली बाई शेजारच्या ओळींतून चालत असल्या, तर दोघींमधला फरक हातांच्या वेगाइतकाच नजरेच्या चालीतही असतो. मुरलेल्या बाईची बोटे एका बोंडातला कापूस ओढत असतानाच तिची नजर पुढच्या बोंडाकडे निघालेली असते. ते पुरते उमलले आहे की नाही, त्यात कवडी आहे की स्वच्छ कापूस, हे हात तेथे पोहोचण्याआधीच ठरलेले असते. नजरेची ही चाल तिला कोणी शिकवलेली नसते आणि विचारले तर तिला ती सांगताही येणार नाही. असा क्रम मेंदूत कसा तयार होतो, कोठे साठवला जातो आणि वेळ येताच कसा सोडला जातो, याचा शोध सुमारे दीडशे वर्षे चालू आहे, आणि त्यातला बराचसा काळ प्रश्न नीट मांडण्यातच गेला आहे.

मुळात डोळ्याला क्रमाने हलावेच का लागते, हे आधी पाहिले पाहिजे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला फोव्हिया हा इवलासा भागच बारीक तपशील टिपू शकतो, आणि दृष्टिक्षेत्रातला जेमतेम एक-दोन अंशांचा तुकडा त्याच्या वाट्याला येतो. म्हणून जे नीट पाहायचे आहे त्यावर हा भाग आणण्यासाठी प्रत्येक डोळ्याचे सहा स्नायू त्याला झटक्याने वळवतात. या झेपेला सॅकेड म्हणतात. जागेपणी आपण सेकंदाला सुमारे तीन झेपा घेतो. मोठ्या झेपेत डोळा सेकंदाला 500 अंशांहून अधिक वेगाने फिरतो आणि बहुतेक झेपा शंभर मिलिसेकंदांच्या आत संपतात.

ही गोष्ट माणसाच्या लक्षात उशिरा आली. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जाते, अशीच समजूत होती. 1878-79च्या सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल आणि त्याच काळात जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी नजर थांबत थांबत, झटक्यांनी पुढे जाते हे दाखवले. पुढे बेन्नो एर्डमान आणि रेमंड डॉज यांना आरशात पाहताना आढळले की एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर नेली, तरी स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. हा प्रयोग कोणालाही घरच्या आरशासमोर करता येतो, आणि झेपेच्या काळात आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, हे त्यातून कळते. एडमंड ह्यूई यांनी बधिर केलेल्या डोळ्यावर प्लास्टरची छोटी वाटी बसवून तिला जोडलेल्या काट्याने झेपांची रेघ काढली. डॉज यांनी 1901च्या सुमारास डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्रण सुरू केले आणि डोळ्याला स्पर्श न करता नोंद घेणे शक्य झाले.

मेंदूच्या बाजूने पहिला धागा ब्रिटिश वैद्य डेव्हिड फेरियर यांच्या हाती 1870च्या दशकात लागला. माकडाच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका पट्ट्याला विजेची चेतना दिली की दोन्ही डोळे विरुद्ध बाजूला वळतात, असे त्यांनी पाहिले. तरीही त्यानंतर कित्येक दशके नजरेच्या झेपेकडे प्रतिक्षिप्त क्रिया म्हणूनच पाहिले गेले : काहीतरी दिसते, डोळा तिकडे वळतो, तेथे आणखी काही दिसते, डोळा पुन्हा वळतो. या विचारात क्रमाला स्वतःचे अस्तित्वच नव्हते. एक कडी दुसरीला ओढत नेते, एवढेच. 1951 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ले यांनी या कडी-कडीच्या कल्पनेवर नेमके बोट ठेवले. वादकाची बोटे आणि बोलणाऱ्याची जीभ इतक्या वेगाने चालतात की एका हालचालीची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचून तिने पुढची हालचाल जागी करावी, एवढी सवडच नसते. त्यामुळे संपूर्ण क्रमाचा आराखडा हालचालीच्या आधीच मेंदूत तयार असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. डोळ्यांना तो तंतोतंत लागू पडतो. नवे लक्ष्य दिसल्यापासून झेप सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, पण दोन लक्ष्ये पाठोपाठ दाखवली तर दुसरी झेप पहिलीच्या मागोमाग फारच थोड्या अवधीत सुटू शकते. पहिली पूर्ण होण्याआधीच दुसरीची तयारी चाललेली असते, याखेरीज याचा दुसरा अर्थ लागत नाही. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातले खरे वळण हेच आहे. यंत्रे नंतर सुधारली, पण प्रश्न येथे बदलला.

यंत्रांचे श्रेय अर्थात मोठे आहे. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 1963 साली डोळ्यावर तारेचे बारीक वेटोळे बसवून चुंबकीय क्षेत्रात त्याची हालचाल अत्यंत अचूक मोजण्याची पद्धत दिली. रॉबर्ट वुर्ट्झ यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस जाग्या, प्रशिक्षित माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेण्याचे काम सुरू केले. मध्यमेंदूतल्या सुपिरिअर कॉलिक्युलस या भागात झेपांचा जणू नकाशाच मांडलेला आहे, हे यातून स्पष्ट झाले : एका जागी चेतना दिली की ठरावीक दिशेची आणि ठरावीक लांबीची झेप, जागा बदलली की झेपही बदलते.

पण नकाशा हाती आला तरी कोणती झेप केव्हा घ्यायची हे कोण ठरवते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर ओकिहिदे हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी 1983 साली एका लेखमालेत मांडले, आणि ते अनपेक्षित होते. मेंदूत खोलवर असलेल्या पेशीसमूहांच्या जाळ्याचा, म्हणजे बेसल गँग्लियाचा, भाग असलेल्या सब्स्टान्शिया नायग्रातल्या काही पेशी सतत, वेगाने चालू राहून कॉलिक्युलसला दाबून धरतात. झेपेच्या आधी त्या क्षणभर थांबतात आणि दाब सुटताच झेप घडते. हा थांबा घडवून आणणारा संदेश बेसल गँग्लियातल्याच कॉडेट या भागाकडून येतो. साक्री तालुक्यातल्या पांझरा नदीवरची सामुदायिक सिंचनाची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजायला जड जाणार नाही. बंधाऱ्यातून आलेले पाणी पाटात उभेच असते, त्याला कोणी ढकलावे लागत नाही. पाटकरी कोणते दार कोणत्या क्रमाने उघडतो यावर कोणता फड केव्हा भिजणार हे ठरते. 1985 साली याच दोघांनी माकडाच्या सब्स्टान्शिया नायग्रात तिथल्या पेशी गप्प करणारे औषध सोडले, तेव्हा माकडाला नजर रोखून धरता येईना आणि आवरूनही न आवरणाऱ्या झेपा एका बाजूला सुटू लागल्या. पार्किन्सनच्या रुग्णांत नेमके उलटे दिसते. डोपामीन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन कमी झाल्याने दाब नीट सुटत नाही आणि समोर दिसणाऱ्या वस्तूकडे नजर बऱ्यापैकी वळत असली, तरी आठवणीतल्या जागेकडे घेतलेली झेप तोकडी पडते. आजाराच्या तपासणीत डोळ्यांच्या हालचालींना महत्त्व आले ते या समजुतीमुळे.

क्रमाची आणखी एक अडचण हिशेबाची आहे. पहिल्या झेपेने डोळा हलला की दुसऱ्या लक्ष्याची डोळ्याच्या हिशेबातली जागा बदलते. ते लक्ष्य एव्हाना दिसेनासे झाले असेल, तर नवी दिशा कोठून आणायची? 1976 साली हॅलेट आणि लाइटस्टोन यांनी दाखवले की माणसे अंधारातही अशी दुसरी झेप अचूक घेतात. म्हणजे मेंदू स्वतःच्या आज्ञेची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. 2002 साली मार्क सोमर आणि वुर्ट्झ यांना ही प्रत कॉलिक्युलसपासून थॅलेमस या मेंदूतल्या संदेश-ठाण्यामार्गे मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाताना सापडली. थॅलेमसमधला हा टप्पा तात्पुरता बंद केला की माकडाची दुसरी झेप चुकू लागे. झेपेची लांबी कायम बिनचूक ठेवणे हे मुख्यतः अनुमस्तिष्काचे, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचे, काम. 1967 साली मॅक्लॉफ्लिन यांनी झेप चालू असतानाच लक्ष्य गुपचूप मागे सरकवले, आणि अशा पुनरावृत्तीनंतर माणसे नकळत आखूड झेपा घेऊ लागली.

आता शिकण्याकडे वळू. 1990च्या दशकात हिकोसाका यांच्या प्रयोगशाळेत माकडांना सोळा बटणांच्या फळीवर एका वेळी पेटणारी दोन बटणे योग्य क्रमाने दाबायला शिकवले जाई. अशा पाच जोड्या मिळून एक मालिका. नवी मालिका चुकतमाकत, शोधत शिकावी लागे. दीर्घ सरावाच्या मालिकांत मात्र बटण पेटण्याआधीच नजर त्या जागी पोहोचू लागली. मेंदूतली जागाही सरावानुसार वेगळी निघाली : स्ट्रायटमचा (कॉडेट ज्यात मोडतो त्या बेसल गँग्लियाच्या भागाचा) पुढचा भाग तात्पुरता बंद केला तर नवे शिकणे अडते, मागचा भाग बंद केला तर मुरलेली मालिका विस्कटते. मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी 1999 साली चहा करणाऱ्या माणसांची नजर नोंदवली, तेव्हा नजर हाताच्या सुमारे अर्धा सेकंद पुढे चालते असे आढळले. वेचणीतही हेच घडताना दिसते. क्रिकेटमधल्या फलंदाजांवर लँड आणि मॅक्लिओड यांनी 2000 साली केलेल्या अभ्यासातही चेंडू जेथे टप्पा घेणार तेथे नजर आधीच जाऊन थांबते, आणि निष्णात फलंदाजाची ही झेप लवकर सुटते, असे दिसले.

वर सांगितलेल्या बटणांच्या प्रयोगात बरोबर क्रम कोणता, हे माणसाने ठरवलेले होते. वेचणीत तसे कोणी ठरवत नाही, आणि म्हणूनच अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेतून 2010 साली आलेले काम मला या सगळ्यात सर्वांत जवळचे वाटते. तेथे माकडांसमोर चार किंवा नऊ ठिपके असत. त्यांतल्या एकावर बक्षीस ठेवलेले असे, पण कोणत्या, याची कसलीही खूण नसे आणि माकडांना कोणताही क्रम शिकवलेला नव्हता. ती मोकळेपणाने पाहत राहिली, आणि काही महिन्यांत प्रत्येकाच्या नजरेला स्वतःचा असा ठरावीक फेरा पडला, जो कमीत कमी श्रमात सर्व ठिपके तपासणाऱ्या वाटेच्या अगदी जवळ जाणारा होता. बक्षीस आधीच भरपूर मिळत असतानाही फेऱ्यांत सुधारणा होतच राहिली. नजरेला किती अंतर कापावे लागले, याचाही हिशेब मेंदू ठेवत होता. 2015 साली याच गटाने दाखवले की कॉडेटमधल्या काही पेशी फेरा संपण्याच्या वेळी जाग्या होतात, त्या फेऱ्याला पडलेले श्रम आणि त्यातून मिळालेले फळ या दोन्हींचा संकेत देतात, आणि सवय जसजशी पक्की होत जाते तसतसा त्यांचा प्रतिसाद अधिक रेखीव होत जातो.