काकांच्या छातीतला आवाज मोबाईलवर ऐकूच येईना

मागच्या वर्षी माझ्या एका मित्राने नऊ मिनिटांची शॉर्टफिल्म केली, त्याच्या वडिलांच्या आजारपणावर, आणि तिचं साऊंड माझ्याकडे होतं. स्टोरी अशी नाहीच तिच्यात, संवाद मोजून चार वाक्यं, बाकी सगळं काकांच्या आतून ऐकू आलं पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं. काकांची मायट्रल झडप नीट मिटत नव्हती. म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात ना, त्यांच्यामधलं दार पूर्ण लागत नव्हतं, त्यामुळे दर ठोक्याला थोडं रक्त उलट्या दिशेने मागे जायचं, मग जिना चढताना धाप लागायची.

मी आधी तेच केलं जे सगळे करतात, साऊंड लायब्ररीतून धकधक उचलली आणि टाइमलाइनवर टाकली. मित्राने एकदाच ऐकलं, म्हणाला हे बाबांचं नाहीये रे. आणि बरोबर होतं त्याचं, कारण ती धकधक एका निरोगी हृदयाची होती.

मग खरं रेकॉर्डिंग करायचं ठरलं, पण छातीजवळ माइक धरला तर काही म्हणजे काही येत नाही. कारण साधं आहे. शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि पाण्यातून हवेत यायचं म्हटलं की ९९.९ टक्के ध्वनी सीमेवरूनच परत फिरतो. नदीत बुडी मारल्यावर काठावरच्यांची बडबड कशी एकदम गायब होते, तेच, फक्त उलट्या दिशेने. पॅरिसमध्ये १८१६ साली रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून एका पेशंटच्या छातीला लावली आणि नुसता कान टेकवून ऐकू येतं त्यापेक्षाही ठोके स्पष्ट ऐकू आले, स्टेथोस्कोपची सुरुवात ती. आम्हीही तेच केलं. साध्या स्टेथोस्कोपची नळी कापली, तिच्यात कॉलर माइक घुसवला आणि वरून चिकटपट्टी गच्च गुंडाळली. पंखा बंद, फ्रिज बंद, काका शर्ट काढून डाव्या कुशीवर, कारण त्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला जास्त टेकतं. "काका, श्वास सोडा आणि जरा तसेच थांबा," म्हटलं, आणि हेडफोनमध्ये जे ऐकलं ते मी विसरणार नाही.

आपल्याला वाटतं ठोका म्हणजे स्नायू आपटल्याचा आवाज, पण तसं नाहीये, झडपा मिटतात तेव्हा रक्ताला जो झटका बसतो त्याची ती कंपनं असतात. पहिला ठोका दोन झडपांचा, दुसरा उरलेल्या दोघींचा, मध्ये शांतता. काकांच्या हृदयात ती मधली शांतताच नव्हती. तिथे फूऽऽऽ असा आवाज होता, नळाच्या पाइपवर अंगठा दाबला की पाणी जसं फुसकारतं अगदी तसा. फटीतून जोरात मागे जाणारं रक्त घुसळतं, त्याचा आवाज, डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात.

रात्री रफ कट मोबाईलवर बघितला आणि आम्ही दोघंही गप्प झालो, कारण ठोके गायब झाले होते आणि फक्त फूऽऽ, फूऽऽ ऐकू येत होतं. काका गेले आणि आजार तेवढा राहिला असं वाटत होतं. चूक कुणाचीच नव्हती. ठोक्याची बरीचशी ताकद २० ते १५० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपास असते आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही, त्यात आपला कानही खालच्या सुरांना मंदच, ५० हर्ट्झचा आवाज ऐकू यायला १००० हर्ट्झपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. मर्मर वरच्या पट्टीतली म्हणून ती आरामात निसटून बाहेर आली.

यावर जो उपाय आहे तो मला अजूनही जादूसारखा वाटतो, आणि तो कानाचा नाही, मेंदूचा आहे. जुन्या लँडलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झएवढेच आवाज जायचे, पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १२०च्या आसपास, म्हणजे तो सूर तारेतून यायचाच नाही, तरी बाबांचा फोन आला की त्यांचा आवाज भरदारच वाटायचा की नाही? मेंदू वरचे उपसूर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, ऐकतो, त्यांच्यातलं अंतर पकडतो आणि नसलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून मी ठोक्यांवर हलकं सॅच्युरेशन चढवलं, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित फाटवला, त्याने वरचे हार्मोनिक्स, म्हणजे तेच उपसूर, तयार होतात, आणि मोबाईलवरही ठोके परत आले.

आयसीयूच्या सीनमध्येही असंच शिकलो. मी एकसुरी बीप बीप लावली होती, ओळखीच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या की हे चुकीचं आहे. मॉनिटरवरची ऑक्सिमीटरची बीप रक्तातला ऑक्सिजन उतरला की सुराने खाली येते, म्हणजे स्क्रीनकडे न बघताही डॉक्टरांना कळतं. आम्ही तो सूर दीड मिनिटात हळूहळू उतरवला. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो अस्वस्थ होतो.

मित्र ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मनच्या १९९३च्या 'ब्लू' या फिल्मचं नाव सारखं घ्यायचा. एड्समुळे जार्मनची दृष्टी जात चालली होती, आणि ७९ मिनिटं पडद्यावर फक्त निळा रंग, बाकी सगळं कानाने. आम्हाला तेवढं धाडस झालं नाही, आमच्याकडे काकांचा हात आहे, खिडकी आहे, पण ती फिल्म बघितल्यावर मी पार्श्वसंगीत सगळंच्या सगळं काढून टाकलं आणि मला ते आजही बरोबर वाटतं.

पुढे काकांची झडप ऑपरेशनने दुरुस्त झाली. तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच कुशीवर पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन ठोके आणि मध्ये काहीच नाही. शेवटची ४० सेकंदं तेवढंच आहे, आणि तिथे मी एकही हार्मोनिक चढवला नाही, त्यामुळे मोबाईलच्या स्पीकरवर तो भाग पूर्ण शांत जातो. काकांनी तो हेडफोन लावून ऐकला, एक हात छातीवर ठेवून, आणि संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."