येरळवाडीचे हंस आणि विषाणूंची अदलाबदल

थंडी पडली की खटाव तालुक्यातल्या येरळवाडी, सूर्याचीवाडी, मायणीच्या तलावांवर पट्टकदंब हंस उतरतात. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे काठच्या शिवारात चरताना दिसले की मन भरून येतं.

२००५ साली चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर हजारो पाणपक्षी बर्ड फ्लूने मेले. त्यांत सर्वाधिक हेच हंस होते. त्या एच५एन१ विषाणूचं कूळ १९९६ मध्ये ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत सापडलं होतं. रोग पाळीव पक्ष्यांतून रानात गेला, हे पाखरांना दोष देण्याआधी ध्यानात घ्यायला हवं.

फ्लूचा विषाणू रूप बदलतो तो त्याच्या रचनेमुळे. त्याची जनुकं एका सलग धाग्यावर नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. लग्नघरी दोन घरांची भांडी एकत्र घासायला पडली की परत जाताना यांची परात त्यांच्याकडे जाते ना, तसंच. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले, तर बाहेर पडणाऱ्या विषाणूत तुकड्यांची सरमिसळ होते. दोघांच्या आठ तुकड्यांच्या २५६ जुळण्या शक्य असतात. बहुतेक दुबळ्या निघतात, पण एखादी जमून जाते. १९५७ आणि १९६८ च्या साथी माणसांच्या फ्लूत पक्ष्यांच्या फ्लूचे तुकडे मिसळूनच आल्या. २००९ चा स्वाइन फ्लू डुकरांमधल्या सरमिसळीतून आला. डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांचा आणि माणसांचा, दोन्ही फ्लू शिरू शकतात.

आता हा एच५एन१ विषाणू पक्ष्यांपुरता उरलेला नाही. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर हत्ती सीलची सतरा हजारांहून अधिक पिल्लं गेली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत तो आढळला. त्याच वर्षाअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले. प्रत्येक नवा प्राणी म्हणजे सरमिसळीची नवी जागा, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

म्हणून पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा बांधावर टाकू नये. ती कोल्हा खातो, कुत्रं ओढतं, डुकरं उकरतात. खोल खड्डा घेऊन, वर चुना टाकून पुरावी. घरची बदकं-कोंबड्या हंसांच्या पाण्यावर सोडू नयेत. तलावाकाठी पाखरं मरून पडलेली दिसली, तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं, त्याच दिवशी.