शितावरून भाताची परीक्षा, पण पातेली 288

2024 च्या विधानसभा निकालानंतर आमच्या फॅमिली ग्रुपवर सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक काका रोज ईव्हीएम हॅक कसं करतात त्याचे व्हिडिओ टाकायचे आणि दुसरे काका खाली "हरले की मशीन खराब" असं लिहून हसायचे इमोजी, महिनाभर हेच चालू. टीव्हीवरही तेच, फक्त आवाज मोठा. या सगळ्यात व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या मशीनच्या, चिठ्ठ्या किती मोजायच्या हा साधा गणिताचा प्रश्न मात्र कोणीच काढत नव्हतं, आणि मला तर खरी गोम तिथेच वाटते.

बटण दाबल्यावर बाजूच्या खिडकीत 7 सेकंद चिठ्ठी दिसते आणि मग डब्यात पडते, हे सगळ्यांना माहिती आहे. पण ईव्हीएमच्या आकड्याशी जुळतात का बघायला त्या पुढे मोजतात किती? 2019 पर्यंत विधानसभेच्या मतदारसंघामागे फक्त एका बूथच्या मोजायच्या, मग 8 एप्रिल 2019 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाच बूथच्या मोजा. कुठले पाच ते उमेदवारांच्या लोकांसमोर सोडत काढून ठरतं. विरोधी पक्षांनी तेव्हा 50 टक्के मागितले होते, निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की मग निकाल पाच-सहा दिवस लांबेल.

आयोगाच्या हातात तेव्हा भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या तज्ज्ञांचा रिपोर्ट होता. देशभरात दहा लाखांवर मशीन, त्यातली कुठलीही 479 रँडम काढा, सगळी जुळली तर 99.99 टक्के खात्रीने म्हणता येईल की गडबड असलेली मशीन 2 टक्क्यांपेक्षा कमी आहेत. दहा लाखात 479 म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण गणित बरोबर आहे. 2 टक्के मशीन खराब असतील तर एक काढल्यावर ते चांगलं निघायची शक्यता 0.98, दोन्ही चांगली निघायची 0.98 गुणिले 0.98, असं 479 वेळा गुणत गेलात की उरतं 0.00006 च्या आसपास. एकूण मशीन दहा लाख आहेत की दहा कोटी याने जवळपास काहीच फरक पडत नाही. भात शिजला का बघायला आजी दोन शितंच दाबून बघायची, मग घरचं पातेलं असो की लग्नातलं मोठं, ढवळलेलं असलं म्हणजे झालं.

पण इथेच गडबड आहे. निकाल काही अख्ख्या देशाचा एक लागत नाही, प्रत्येक मतदारसंघाचा वेगळा लागतो. महाराष्ट्रात विधानसभेची पातेली 288 आणि एकेका पातेल्यात साधारण 350 बूथ, म्हणजे तेवढीच मशीन. आता त्यातल्या 2 टक्के म्हणजे 7 मशीनमध्ये घोळ आहे असं धरा आणि पाच काढून बघा. त्यातलं एक तरी हाती लागायची शक्यता दहा टक्क्यांच्या आत! 99 टक्के खात्री पाहिजे तर 165 च्या वर मशीन उघडावी लागतील, म्हणजे जवळपास निम्मी.

मग आयोग खोटं बोलतो का, तर नाही. राज्यात 1440 (288 गुणिले 5) मशीनच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं, आणि राज्यभर 2 टक्के मशीनमध्ये घोळ असता तर 1440 मध्ये एकही न सापडणं जवळपास अशक्य आहे. तेव्हा हॅकवाल्या काकांची "सगळीकडे सेटिंग" थिअरी इथेच गार पडते. पण माझ्या सीटचा निकाल बरोबर आहे का, हा प्रश्नच वेगळा आहे आणि त्याला 1440 हे उत्तर नाही.

त्याचं उत्तर लीडवर अवलंबून असतं. 2024 ला मालेगाव मध्यमध्ये लीड होतं फक्त 162 मतांचं. (तिथे काही झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, नुसतं गणित करतोय.) एवढं लीड उलटवायला 80-85 मतं इकडची तिकडे केली की पुरे, म्हणजे एकच मशीन, आणि ते नेमकं पाचात येण्याची शक्यता सत्तरात एक. याउलट 50 हजारांचं लीड घ्या. एका बूथवर साधारण साडेसहाशे मतं पडतात, त्यातली 200 फिरवली तर लीड 400 ने हलतं, म्हणजे सव्वाशे मशीनमध्ये हात घालावा लागेल, आणि मग पाचात एक तरी सापडायची शक्यता 89 टक्के होते. थोडक्यात 162 च्या लीडला पण पाच आणि लाखाच्या लीडला पण पाच, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवत असेल. तिथल्या गावकऱ्यांनी डिसेंबर 2024 मध्ये स्वतःच बॅलट पेपरवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते रद्द झालं. मजा म्हणजे गावकऱ्यांचा उमेदवार सीट जिंकला होता, संशय होता फक्त आपल्या गावातल्या आकड्यावर, त्याला 843 आणि विरोधी उमेदवाराला 1003. आता अशा माणसाला 1440 जुळल्या म्हणून सांगून काय उपयोग, त्याचं बूथ मोजलं जायची शक्यता पुन्हा तीच, सत्तरात एक.

एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पैसे भरून 5 टक्के मशीनच्या चिप तपासून घेता येतील अशी सोय मात्र केली, पण ती चिपची तपासणी, चिठ्ठ्यांची नाही.

अमेरिकेत बर्कलेच्या फिलिप स्टार्क नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 2008 च्या सुमारास यावर एक पद्धत काढली. आधी किती कागद मोजायचे ते ठरवायचंच नाही, लीड बघायचं, मोठं असेल तर थोडे कागद काढून थांबायचं, अटीतटीचं असेल तर काढत राहायचं, आणि खात्री पटेना तर शेवटी सगळे मोजायचे. कोलोरॅडो राज्यात 2017 पासून हे राज्यभर चालतं. आपलं तसंच्या तसं होणार नाही, कारण तिथे मतदार स्वतः खूण केलेला कागद पेटीत टाकतो आणि आपल्याकडे 7 सेकंद दिसलेली चिठ्ठी, ती किती जण नीट वाचतात देव जाणे. पण तिथली एक गोष्ट मला फार आवडते. कुठले कागद काढायचे ते कॉम्प्युटर ठरवतो, पण त्याला सुरुवातीचा आकडा द्यायला सगळ्यांसमोर दहा बाजूंचे फासे टाकतात, वीस वेळा, आणि कोणीही तिथे जाऊन आकडे स्वतः लिहून घेऊ शकतं.