मास्क आवळू नका, बसवा
सीपॅप उपचार नव्याने सुरू करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचं निदान झालं, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून सतत हवा देणारं मशीन लिहून दिलं आणि ते घरी आलं. आता ते अंगवळणी पडतं की कपाटात जातं, हे बहुतेक वेळा मास्कवर ठरतं. मशीन बाजूच्या टेबलावर मुकाट्याने काम करत राहतं. रात्रभर चेहऱ्यावर असतो तो मास्क. पहिल्या काही रात्रींनंतर आम्हाला जे फोन येतात ते बहुतेक मास्कचेच असतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच निघतं. हवा निसटते म्हणून पट्टा आवळला, तरी निसटते म्हणून आणखी आवळला, आणि सकाळी नाकावर लाल वळ.

हे पत्रक त्यासाठीच आहे. मशीनच्या पुस्तिकेत जे आहे ते इथे पुन्हा लिहीत बसत नाही.

हवेचा जोर असतो तरी किती?

झोपेत घशामागचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. ती उघडी राहावी म्हणून मशीन सतत हलक्या दाबाची हवा सोडत राहतं. हा दाब सेंटीमीटर पाणी या एककात मोजतात आणि बहुतेक मशीनमध्ये तो ४ ते २० च्या दरम्यान ठेवता येतो. १० चा दाब म्हणजे ग्लासातल्या पाण्यात नळी १० सेंटीमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढं फुंकावं लागतं तेवढा. आपल्याभोवतीच्या वातावरणाच्या दाबाच्या तो जेमतेम १ टक्का भरतो.

आता थोडा हिशोब करू. १० च्या दाबाला दर चौरस सेंटीमीटरवर १० ग्रॅमचा भार येतो. नाकापुरत्या मास्कचं तोंड समजा २० चौरस सेंटीमीटर असेल, तर हवा त्याला सुमारे २०० ग्रॅमच्या जोराने चेहऱ्यापासून दूर ढकलते. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कचं तोंड ५० चौरस सेंटीमीटर धरलं, तर तोच जोर अर्ध्या किलोवर जातो. पट्ट्यांनी पेलायचं ते एवढंच. त्याहून जास्त आवळलेला ताण सरळ तुमच्या नाकाच्या हाडावर आणि गालांवर बसतो.

शिवाय सिलिकॉनच्या बहुतेक मास्कची कड दोन पदरी असते. आतला पदर जाड, बाहेरचा पातळ. बाहेरचा पातळ पदर हवेने फुगून चेहऱ्याच्या चढउतारांवर अलगद टेकतो आणि त्यानेच फट बंद होते. पट्टा आवळला की त्याला फुगायला जागा राहत नाही, तो दुमडतो आणि त्या सुरकुतीतून हवा सुटते. जास्त घट्ट केलेला मास्क जास्त गळतो तो यामुळे.

कोणता मास्क घ्यावा?

प्रकार मुख्यतः तीन. नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा छोटा पिलो मास्क आणि नाक-तोंड झाकणारा फुल फेस. आमचं मत विचाराल तर डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तेव्हा सुरुवात लहान मास्कने करावी. तो कमी जागा व्यापतो, त्याला कमी ताण लागतो आणि गळतीच्या जागाही कमी. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा कलही फुल फेसपेक्षा नाकाच्या मास्ककडेच आहे.

“पण मी तर तोंडानेच श्वास घेतो,” असं पुष्कळ जण सांगतात. त्यातल्या काहींचं तोंड उघडतं ते झोपेत श्वास अडकून हवेसाठी धडपड होते म्हणून. उपचार सुरू झाल्यावर ती धडपड थांबते आणि तोंड आपसूक मिटतं. काहींचं नाक मात्र खरंच चोंदलेलं असतं. नाकाचं मधलं हाड वाकडं असेल, ॲलर्जी असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं झाल्यावर मास्कचा प्रश्न पुष्कळदा निम्म्यावर येतो. एवढं करूनही तोंड उघडंच राहत असेल, तर फुल फेस घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

दाट दाढी-मिशी असेल, झोपण्यापूर्वी चष्मा लावून वाचायची सवय असेल किंवा चेहऱ्यावर काही आलं की गुदमरल्यासारखं होत असेल, तर पिलो मास्क करून बघा. दाब बराच जास्त असेल तर मात्र त्याची हवा नाकपुड्यांना बोचू शकते.

माप अंदाजाने घेऊ नका. चेहरा मोठा म्हणून मास्कही मोठा, हा हिशोब इथे चालत नाही. नाकाच्या मास्कला नाकाची रुंदी आणि उंची बघतात, पिलोला नाकपुडीचा आकार, आणि फुल फेसचं माप तोंड किंचित उघडं ठेवून घेतात. एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मीडियम’शी जुळेलच असं नाही. रात्री कवळी काढून झोपत असाल तर मापाच्या वेळीही ती काढा. गालफडं आत गेली की बसण्याची जागाच बदलते. आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जायचं असेल तर डॉक्टरांना कळवा, कारण कधीकधी दाबही पुन्हा तपासावा लागतो.

बसवायची रीत

आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर तसाच राहत नाही. पाठीवर पडलं की गाल मागे ओघळतात, कुशीवर झालं की उशी मास्कला ढकलते. म्हणून मास्क नेहमी आडवं होऊन, आपल्या नेहमीच्या उशीवर आणि मशीन चालू ठेवून बसवायचा. काही मशीनमध्ये ‘मास्क फिट’ नावाची सोय असते. ती सुरू केली की थोडा वेळ झोपेतल्यासारखा दाब मिळतो. हलक्या दाबावर ठीक वाटलेला मास्क मध्यरात्री दाब वाढल्यावर फुसफुसतो, तो घोळ यामुळे टळतो.

आधी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. रात्रीचं क्रीम किंवा तेल मास्कच्या जागी नको. तेलकट त्वचेवर सिलिकॉन सरकतं.

सगळे पट्टे सैल करा. मास्क हाताने जागेवर धरा, डोक्यामागचा भाग मानेच्या वर नीट बसवा आणि मग खालचे दोन पट्टे दोन्ही हातांनी एकाच वेळी, सारखे ओढा. नंतर वरचे. एका वेळी एकच बाजू ओढली तर मास्क तिरका होतो, आणि तिरका मास्क कितीही आवळला तरी एका डोळ्याकडे हवा मारतोच.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेकांची राहून जाणारी पायरी. हवा चालू असताना मास्क चेहऱ्यापासून अगदी थोडा, बोटभरही नाही, पुढे ओढा. हवा जोरात सुटेल. कड फुगलेली हाताला जाणवली की मास्क तसाच अलगद परत टेकवा. दुमडलेला पातळ पदर सरळ होतो आणि पट्ट्याला हातही न लावता आवाज बंद पडतो. रात्री कूस बदलल्यावर हवा निसटू लागली तरी पहिला उपाय हाच.

यानंतर पट्टा आणि गालाच्या मध्ये दोन बोटं सरकवून बघा. सहज गेली पाहिजेत. मग डाव्या कुशीवर व्हा, उजव्या कुशीवर व्हा, मान थोडी वाकवा. हवा डोळ्यांकडे येत असेल तर खालचे पट्टे किंचित सैल करा. ते जास्त ओढले गेले की वरची कड नाकाच्या हाडावरून उचलली जाते. वरच्या ओठाजवळून येत असेल तर मास्क जरा जास्तच खाली बसला आहे का ते पाहा. कोणताही बदल एका वेळी थोडाच करा.

एकदा बसला की त्या ठिकाणी पट्ट्यावर पेनाने छोटी खूण करा. पट्टे धुतले की खुणेवर परत आणायचे, रोज नव्याने शोधाशोध नको. सकाळी मास्क काढताना वेलक्रो उघडू नका, क्लिप काढा किंवा तो तसाच डोक्यावरून उतरवा.

ती बारीक भोकं बुजवू नका

मास्कच्या पुढच्या बाजूला किंवा नळी जोडायच्या वाकड्या जोडाजवळ बारीक छिद्रं असतात आणि त्यातून हवा सतत बाहेर येते. ती गळती नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच निघून जातो. काही घरांत त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावलेली आम्ही पाहिली आहे. कृपया तसं कधीही करू नका. हवेचा झोत जोडीदाराच्या तोंडावर येत असेल तर मास्क किंवा नळीची दिशा बदला.

मशीनच्या पडद्यावर गळतीचा आकडा दिसतो. त्यात काही कंपन्या या छिद्रांची हवा धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनचा आकडा आपल्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आकड्यापेक्षा आपली झोप नीट होते का आणि सकाळी डोळे चुरचुरतात का, यावर लक्ष ठेवा.

वळ, कोरडेपणा, नळीतलं पाणी

सकाळी उमटलेला फिकट वळ अर्ध्या तासात विरत असेल तर काळजी नाही. तो दुपारपर्यंत राहत असेल तर मास्क घट्ट आहे किंवा माप चुकलं आहे. नाकाच्या हाडावर कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच, म्हणून पहिली जखम तिथेच होते. साल गेली, पाणी सुटू लागलं, तर त्या जागेवर तोच मास्क रेटत राहू नका. नाकाच्या हाडाला न टेकणारा दुसरा प्रकार मिळतो. कडेखाली घालायचं मऊ कापडी अस्तरही काहींना मानवतं. पुरळ आलं तर साबण नीट धुतला गेला होता का ते आधी आठवा.

तोंड सुकून जाग येत असेल तर बहुधा झोपेत तोंड उघडून हवा तिथून निघून जाते. ह्युमिडिफायरची, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या मशीनच्या पाण्याच्या टाकीची पातळी एका घराने वाढवून पाहा. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, काहींना नाही. तोंडावर चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरत असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो प्रयोग करू नका. नळीत पाणी साचून गुडगुड होत असेल तर ओलसर हवा थंड नळीत निवते आहे. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, आर्द्रता थोडी कमी करा किंवा गरम राहणारी नळी घ्या. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला.

पोटात हवा जाऊन फुगल्यासारखं वाटणं हा मास्कचा प्रश्न नसेलही. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. दाब स्वतःहून कमी-जास्त करू नका.

मास्क लावला की जीव घाबरतो?

हे पुष्कळांना होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याची सवय रात्री अंथरुणात, झोपेची घाई असताना करायला जाऊ नका. दिवसा टीव्ही बघताना मशीन चालू करून मास्क नुसता हाताने नाकाशी धरा, पट्टे नको. हवं तेव्हा काढता येतो हे मनाला पटू द्या. दोन-चार दिवसांनी पट्टे लावून बसा. मग दुपारच्या डुलकीला लावा. रात्रीसाठी रॅम्प सुरू ठेवा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. मास्क लावून मशीन बंद असं मात्र बसू नका, हवा आत येत राहिली पाहिजे.

झोपेत नकळत मास्क काढून टाकणंही सुरुवातीला होतं. जाग आली की पुन्हा लावा आणि झोपा. डुलकी असो की प्रवासातला मुक्काम, झोप तिथे मास्क, हे जितक्या लवकर जमेल तितकं बरं.

धुणं आणि बदलणं

चेहऱ्याला टेकणारा भाग रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. पट्टे आणि नळी आठवड्यातून एकदा. स्पिरिट, ब्लीच, जंतुनाशक द्रव आणि उकळतं पाणी यांनी सिलिकॉन खराब होतं. गेल्या महिन्यात जिथे खूण केली होती त्याच्या पुढे पट्टा न्यावा लागत असेल, तर पट्टे ढिले पडले आहेत किंवा कड मऊपणा हरवून बसली आहे. तेवढाच भाग बदलून मिळतो, अख्खा मास्क घ्यायची गरज नसते. वजन बरंच वाढलं-घटलं किंवा दाढी ठेवली-काढली तरी माप पुन्हा घ्यावं.

हे आम्हाला आधीच सांगा

काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. तुमच्या किंवा तुमच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या शरीरात पेसमेकर, मेंदूतली धातूची क्लिप किंवा चुंबकाचा परिणाम होईल असं दुसरं काही बसवलेलं असेल, तर बिनचुंबकाचाच मास्क घ्या. असे चुंबक त्या उपकरणापासून किमान १५ सेंटीमीटर दूर असावे लागतात आणि झोपेत ते अंतर कोणी मोजत नाही.

ज्यांना हाताने स्वतःचा मास्क काढता येत नाही, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय फुल फेस देऊ नये. उलटीसारखं वाटत असेल त्या रात्रीही तो लावू नका. वीज गेली तर फुल फेस मास्कची झडप उघडून बाहेरची हवा आत येते. ही झडप धुताना तिला साबण किंवा कचरा चिकटलेला नाही ना, ते बघत जा.

मास्क पुन्हा बसवून घ्यायला येताना मशीन, नळी, मास्क सगळं सोबत आणा, आणि जमलं तर रोजची उशीही. आमच्याकडे आडवं होऊन बघायला पलंग आहे. संध्याकाळी उशिरा आलात तर उत्तम.