ईशा की ईषा?

आमंत्रणपत्रिकेवर ‘ईषा’ आणि पाळण्यामागच्या भिंतीवर थर्माकोलच्या अक्षरांत ‘ईशा’. शेजारच्या बारशात दोन्ही दिसलं, म्हणून बाळाच्या आईला विचारलं. ती म्हणाली, “एकच ना?”

बोलताना एकच, कारण श आणि ष यांचे उच्चार आपण आता वेगळे ठेवत नाही. पण शब्द दोन आहेत.

ईशा ‘ईश्’ धातूवरून आलं. सत्ता चालवणारा तो ईश, ती ईशा. हे दुर्गेचंही नाव. गणेश, महेश, ईश्वर ही सगळी त्याच घरातली. मात्र ‘ईशावास्यम्’ या उपनिषदावरून नाव ठेवलं असं कुणी सांगितलं, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. शुक्ल यजुर्वेदाच्या ४०व्या अध्यायातल्या ‘ईशा वास्यमिदं सर्वम्’ या मंत्रात ‘ईशा’ ही तृतीया विभक्ती आहे. म्हणजे ‘ईश्वराने’. तिथे ते कुणा देवीचं नाव नाही. या पहिल्या शब्दावरूनच उपनिषद ओळखलं जातं, तेव्हा नाव जरूर ठेवावं, अर्थ मात्र नीट सांगावा.

ईषाचा अर्थ नावांच्या याद्यांत ‘देवी’ किंवा ‘इच्छा’ असा छापतात, तो मला पटत नाही. संस्कृतात ईषा म्हणजे रथाचा किंवा नांगराचा लांब दांडा, नांगरापासून बैलांच्या मानेवरच्या जुवापर्यंत जाणारा. हल आणि ईषा मिळून हलीषा, आणि तीच आपली हळस. संधीच्या नेहमीच्या नियमाने ‘हलेषा’ व्हायला हवं होतं. तसं होत नाही, म्हणून पाणिनीच्या व्याकरणाला पुरवणी जोडणाऱ्या कात्यायनाला अशा शब्दांसाठी वेगळं वार्तिक, म्हणजे पूरक सूत्र, करावं लागलं. त्याच गटात मनीषा येते, मनस् अधिक ईषा. त्यामुळे मनीषातला ‘नी’ दीर्घ आहे; सर्रास दिसणारं ‘मनिषा’ चूक.

ह्रस्व इ असलेलं ‘इशा’ अरबी आहे, रात्रीच्या नमाजाचं नाव. ‘एषा’ म्हणजे संस्कृतात नुसतं ‘ही’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हे सगळे एकमेकांत मिसळतात, म्हणून जन्मदाखल्यावर देवनागरी अक्षर तपासूनच घ्यावं.

त्या बारशात बाळाच्या पणजोबांना हळसेचं सांगितलं. आयुष्यभर शेती केलेले ते गृहस्थ सरसावून बसले आणि दोन्ही हात पसरून दाखवू लागले, हे टोक नांगरात, ते जुवाला. मग नातसुनेला म्हणाले, “पत्रिकेवरचंच अक्षर राहू दे.”